डिझाइन थिंकिंग आणि उत्सवाचं नाटक

डिझाइन थिंकिंग म्हणजे डिझायनरांची प्रश्न सोडवण्याची पद्धत. तिचे पाच टप्पे आता बहुतेकांना तोंडपाठ आहेत. माणसं समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, नमुना बनवा, तो वापरून बघा. पणजीतल्या एका कार्यशाळेत मी ते शिकले. रंगीत चिठ्ठ्यांनी भिंत भरली, गट पडले, प्रत्येक गटाने आपली कल्पना मांडली. शिकवणारे मनापासून शिकवत होते, आणि तिथे लागलेली एक सवय मला आजही मोलाची वाटते: पहिलं उत्तर सुचलं की लगेच त्याला कवटाळायचं नाही. पण एक शंका तशीच राहिली. पोटापाण्यासाठी मी वेष्टनं आणि जाहिराती करते, आणि जीव ओतून करते ते नाटकाचं नेपथ्य. वेष्टनाला गिऱ्हाईक असतं, त्याची काही अडचण असते, ती सोडवता येते. नाटकात अडचण कोणाची? प्रेक्षकाने नेपथ्यकाराकडे काही मागितलेलंच नसतं.

त्या शंकेचं निरसन आमच्या गावच्या उत्सवाच्या नाटकाने केलं. म्हणून ती सगळी प्रक्रिया इथे सविस्तर लिहिते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी अशा भागांत देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक होतं आणि ते गावातलीच माणसं करतात. घरी कोंकणी बोलणारा मुलगा रंगमंचावर अस्खलित मराठीत पल्लेदार स्वगत म्हणतो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटोपली की नाटक कुठलं करायचं याची चर्चा सुरू होते, दिवाळीनंतर तालमींना जोर चढतो. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो. मध्येच माईकवरून बक्षिसं जाहीर होतात: अमक्याच्या भूमिकेवर खूश होऊन तमक्याकडून इतके रुपये. लोक बसून असतात, लहान मुलं पुढ्यात झोपून जातात, आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा बाहेर उजाडायला आलेलं असतं. आमचा गाव फोंडा तालुक्यात. यंदाचं नाटक ऐतिहासिक, तीन अंकी, स्थळं तीन: दरबार, वाड्याचं परसू आणि किल्ल्याचा बुरूज.

दिग्दर्शक आमचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेत, पण गावात त्यांना दुसरं नाव नाही. त्यांनी मला काम सांगितलं ते असं: "पडदे भाड्याने आणायचे नाहीत यंदा. तू काहीतरी कर. आणि स्थळ बदलायला फार वेळ जातो, तेवढा कमी कर."

म्हणजे प्रश्न हातात तयार मिळाला होता. स्थळबदल झटपट व्हायला हवा. चाकांवरचे फ्लॅट (देखावा रंगवलेल्या उभ्या चौकटी), फिरता रंगमंच, वरून सोडायचे पडदे, यादी मनात लगेच तयार होत होती. कार्यशाळेतली सवय इथे कामाला आली. मी यादी बाजूला ठेवली आणि आधी बघायला गेले.

बघायचं काय, हे मला पणजीतल्या कांपालच्या कला अकादमीने शिकवलंय. इमारत वास्तुकार चार्ल्स कोरियांची, आणि मुख्य प्रेक्षागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या थिएटरातले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले होते. लहानपणी तिथे नाटकाला गेलं की पडदा उघडेपर्यंत मी तीच माणसं न्याहाळायची. नाटकाच्या जागेत प्रेक्षक हीसुद्धा बघण्याची गोष्ट आहे, हे डोक्यात तेव्हापासून बसलंय. तर शेजारच्या गावात जत्रेचं नाटक होतं, तिथे मी कडेला खांबापाशी बसले आणि रंगमंचापेक्षा मंडपाकडे जास्त बघितलं. दुसऱ्या अंकाला आत विंगेत जाऊन उभी राहिले.

बघितल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की दोन अंकांमधला वेळ कोणाला खुपतच नाही. त्या वेळात बक्षिसं वाचली जातात, लोक चहा-भजी घेऊन येतात, सुना पोरांना घरी निजवून परत येतात. तो वेळ नाटकाचाच भाग आहे आणि तो कापला तर गावाची अर्धी मजा जाईल. खुपतो तो अंकाच्या मध्ये होणारा बदल. प्रवेश रंगात आलेला असतो, दिवे जातात, अंधारात चार पोरं सिंहासन उचलतात, कडेला बसलेल्यांना ती स्पष्ट दिसतात, आणि दिवे परत येईपर्यंत नटाचा चढलेला आवाज खाली आलेला असतो. मास्तरांच्या तक्रारीत हे दोन वेगळे वेळ एकत्र झाले होते.

दुसरी गोष्ट विचारल्याशिवाय कळली नसती. "नाटक कसं वाटलं?" असं विचारलं तर सगळे "बरं झालं" म्हणतात, त्यातून काही हाती लागत नाही. मी विचारायला लागले, "तुम्ही इथेच का बसता?" खांबाला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "पाठीला आधार नको? तू बसून बघ रात्रभर." मग मी म्हटलं, खांबामुळे तुम्हाला कोपरा दिसत नाही ना? त्यावर ती जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवलंय: "नाटक मला पाठ आहे गो. मी येते ती आमच्या पोराची एन्ट्री बघायला."

आमच्याकडे एन्ट्रीला शिट्ट्या पडतात, टाळ्या पडतात, कधी बक्षीस तिथेच जाहीर होतं. राजा म्हणून जो येतो तो दिवसा बसवर कंडक्टर असतो, आणि तो त्या पोशाखात पहिल्यांदा दिसतो तो क्षण त्याच्या घरच्यांसाठी सगळ्या नाटकाइतका मोठा असतो. पण त्या गावात महत्त्वाच्या एन्ट्र्या उजव्या विंगेतून होत होत्या, आणि खांबांच्या डाव्या ओळीला टेकलेल्या म्हाताऱ्यांना त्या दिसतच नव्हत्या. नट रंगमंचाच्या मध्यावर आला की मग दिसायचा, तोवर टाळ्या पडून गेलेल्या. म्हणून माझा प्रश्न बदलला. स्थळ किती लवकर बदलतं हे दुसऱ्या नंबरला गेलं. पहिल्यावर आलं: माणूस कुठून येतो, आणि तो येताना कोणाकोणाला दिसतो.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात तांब्याबद्दल एक उतारा आहे. पाणी किती मावावं, हात कोणाचा आहे, बाईचा की पुरुषाचा, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, तो डोक्यावर जातो की कमरेवर, ओतताना धार कशी पडते, खाली ठेवताना आवाज कसा येतो, किंमत काय, असे प्रश्नच प्रश्न. आणि मग ते म्हणतात की हा तांब्या कोणा एकाने डिझाइन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी मिळून तो घडवलाय. माणसं समजून घेणं म्हणजे काय, हे मला त्या उताऱ्याइतकं दुसरीकडे कुठेच नीट सापडलं नाही. त्यात भावनेचा गहिवर नाही. वजन आहे, तोल आहे, हाताची पकड आहे. आजीच्या पाठीला आधार हवा, ही त्याच जातीची माहिती.

गावी परतल्यावर मंडपाची किल्ली घेतली, सुतळीचा गुंडा घेतला आणि तालमीतल्या मुलांना बोलावलं. जिथे जिथे म्हाताऱ्या टेकून बसतात तिथे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर सुतळी बांधायची, खांबाला घासून ती सरळ रंगमंचापर्यंत न्यायची आणि जिथे टेकेल तिथे खडूने खूण करायची. खांबाच्या दोन्ही अंगांनी अशा सुतळ्या ताणल्या की मधला न दिसणारा पट्टा आपोआप उघडा पडतो. मंडपभर सुतळ्यांचं जाळं झालं. सगळ्यांना दिसेल असा रंगमंचाचा तुकडा शेवटी उरला तो मध्याच्या थोडा डावीकडे, जेमतेम सहा फूट रुंद, आणि तोही जमिनीपासून दोन फूट वर असेल तरच. खाली उभ्या माणसाला पुढच्या रांगांतली डोकी झाकतात.

दोन फूट उंची, डावीकडे, सहा फूट. त्या खडूच्या खुणांमधून पायऱ्या निघाल्या. मुख्य माणसं मागून चढून वरच्या पायरीवर प्रकटणार आणि गावादेखत खाली उतरणार.

मग मॉडेल केलं. अर्धा इंच म्हणजे एक फूट या मापाने, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यात. पायऱ्यांचे तीन सुटे तुकडे, शेजारी शेजारी लावले की दरबार, मधल्या तुकड्याची पाठ तीन फूट वर गेलेली, ती सिंहासनाची. इथवर सगळं मी ठरवलं होतं. बुरुजाचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. त्याच्यासाठी वेगळा फ्लॅट लागणार असं धरून चालले होते. तालमीनंतर मास्तर मॉडेल बघायला बसले, मोबाइलचा टॉर्च लावून. मधला तुकडा त्यांनी बोटांत धरला, मागून कसा दिसतो ते बघायला गर्रकन फिरवला आणि तसाच खाली ठेवला. आता पायऱ्या मागे गेल्या होत्या आणि सपाट पाठ प्रेक्षकांकडे आली होती. कोणी बोललं नाही. मग ज्या मुलाकडे पहारेकऱ्याची भूमिका होती तो म्हणाला, "मी मागच्या पायऱ्यांवर उभा राहिलो तर छातीपर्यंत भिंत येते की!"

बुरूज मिळाला. सिंहासनाची पाठ म्हणजेच तटाची भिंत. मागच्या बाजूला चिरे रंगवायचे, तुकडा फिरवला की किल्ला.

हे चिठ्ठ्यांच्या भिंतीवर सुचलं नसतं, याबद्दल माझी खात्री आहे. तीन इंचाची वस्तू हातात होती म्हणून हात फिरला, आणि हात फिरला म्हणून डोळ्याला दिसलं. यावर संशोधनही झालंय. ब्रायन लॉसन या ब्रिटिश संशोधकाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. रंगीत ठोकळे द्यायचे, बाहेरच्या कडेला एखादा रंग जास्तीत जास्त दिसेल अशी मांडणी करायला सांगायची, आणि एक नियम लपवून ठेवायचा. विज्ञानाचे विद्यार्थी वेगवेगळ्या मांडण्या करून आधी नियम शोधू लागले. वास्तुकलेचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी थेट चांगली मांडणी करून दाखवत, ती नियमात बसली नाही की पुढची मांडत. उत्तर मांडूनच ते प्रश्न ओळखत होते. डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये हीच गोष्ट एका वास्तुकला-शिक्षकाच्या कामातून दाखवली: तो रेघ मारतो, रेघ त्याला उलट बोलते, तो ऐकतो आणि पुढची रेघ मारतो. डिझाइन थिंकिंगचे पाच टप्पे पाच चौकोनांत दाखवतात, त्यांत नमुना चौथ्या नंबरवर आहे. आमच्या कामात मॉडेलनेच प्रश्नाचा आकार बदलला. बुरूज कुठे ठेवायचा हा प्रश्नच त्या रात्रीनंतर राहिला नाही.

खऱ्या मापाचं काही करून बघायचं होतं, तेव्हा लाकूड विकत घ्यायच्या आधी शाळेची बाकं आणि फळ्या रचल्या. आठ इंचांच्या तीन पायऱ्या, मिळून दोन फूट. राणीचं काम करणारी मुलगी नऊवारी नेसून तालमीला आली. ती वर प्रकटली तेव्हा छान दिसली. मग पहिलं पाऊल खाली टाकताना तिची नजर पायाकडे गेली. क्षणभरच. पण राणीने खाली बघितलं आणि एन्ट्री संपली. मी तिला काही बोलले नाही, पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा नजर खाली. मग फळ्यांखाली विटा सरकवून पायरी सहा इंचांची केली. ती उतरली आणि सगळा वेळ समोर बघत होती.

दोन इंचांचा फरक. पण त्या दोन इंचांनी बाकीचं सगळं हलवलं. दोन फूट उंची गाठायला आता तीनऐवजी चार पायऱ्या, म्हणजे तुकडा एक फूट जास्त खोल, म्हणजे रंगमंचाची पुढची जागा कमी, म्हणजे लढाईचा प्रवेश नव्याने बसवावा लागणार. शिवाय वजन वाढलं, दोन मुलांना तुकडा फिरवता येईना. मेस्तबरोबर, म्हणजे सुताराबरोबर, बसून तुकड्यांची रुंदी चारवरून तीन फुटांवर आणली, रिपांचा सांगाडा आणि वर बारा मिलिमीटरचं प्लाय, खालून जुन्या सतरंजीच्या पट्ट्या ठोकल्या म्हणजे कोब्यावर सरकवताना आवाज नाही. मास्तरांनी लढाई पुन्हा बसवली आणि कुरकुर केली नाही, कारण राणी उतरताना त्यांनी स्वतः बघितलं होतं. आकडे सांगून हे झालं नसतं.

कार्यशाळेत जे अजिबात नव्हतं आणि गावात भरपूर होतं ते म्हणजे परखड बोलणं. २०१७ मध्ये नताशा जेन या न्यू यॉर्कच्या ग्राफिक डिझायनरने एका जाहीर भाषणात डिझाइन थिंकिंगवर कडक टीका केली. तिचा मुख्य आक्षेप हाच, की या चौकोनांमध्ये केलेल्या कामाची चिकित्सा कुठेच नाही. मला तो शंभर टक्के पटतो. कल्पना काढताना कोणाला अडवायचं नाही हे ठीक आहे, पण नंतर कधीतरी कोणी अडवायला हवंच. आमच्याकडे हे काम जुने नट करतात. तालमीला येऊन मागे खुर्ची टाकून बसतात. त्यांच्यातले एक काका, ज्यांनी तरुणपणी स्त्री-भूमिका गाजवल्या, रंगीत तालमीच्या आधी म्हणाले, "पोरं अंधारात तुकडे फिरवतात, पण कडेच्यांना दिसतातच. मग लपवता कशाला? त्यांना मावळे करा. उजेडातच फिरवू देत." ब्लॅकआउट गेला. अंकातला स्थळबदल मावळे करू लागले, पखवाजाच्या तालावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मास्तरांची मूळ तक्रार अशी मिटली, आणि ती मिटवायचा मार्ग मी नाही, काकांच्या टीकेने दाखवला.

पण एका बाबतीत मी कोणाचंच ऐकलं नाही. कमिटीला दरबार सोनेरी हवा होता. लोकांना विचारलं असतं तर लोकांनीही सोनेरीच सांगितलं असतं. मला काव हवी होती. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर देऊन तो खरवडून नक्षी काढतात, खालचा पांढरा चुना वर येतो. गोव्यात आणि किनारपट्टीने खाली कारवारकडे ती अजून बघायला मिळते, मोरजीच्या मोरजाई देवळात आहे. कळशा, वेली, पक्षी. मला ती लाल-पांढरी नक्षी पायऱ्यांच्या दर्शनी बाजूला हवी होती, कारण दिव्यांत ती मातीतून उगवल्यासारखी दिसेल आणि राजाच्या जरीला उठाव देईल असं मला दिसत होतं. कुठल्याही निरीक्षणातून हे निघालं नव्हतं, कोणाची गरज नव्हती. मला ते सुंदर वाटत होतं.

मला वाटतं सर्जनशील कामात डिझाइन थिंकिंगची हद्द इथे येते, आणि ती मान्य करावी. माणसं बघून पायरीची उंची कळते, एन्ट्रीची जागा कळते. रंग कुठला लावावा हे कळत नाही. ते ज्याचं त्याला ठरवावं लागतं आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते. पद्धत मागून मदत करते. प्लायवर आधी पांढरा, मग लाल डिस्टेंपर देऊन मी खिळ्याने नक्षी खरवडली आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेतून बघितली, तर बारीक रेघा गायब. एक इंच जाडीच्या केल्या तेव्हा वेली दिसल्या. पिवळ्या दिव्यात पांढरा साईसारखा झाला, तो मला आवडला, ठेवला. काका बघून म्हणाले, "देऊळ वाटतंय. दरबार कुठाय?" ते बरोबर होतं. पक्षी आणि कळशा काढल्या, फक्त वेल ठेवली, मोठी, तिन्ही तुकड्यांवरून सलग जाणारी. तुकडे सुटे केले की वेल तुटते आणि परसातल्या तीन वेगळ्या पायऱ्या वाटतात.

हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या अभ्यासकांनी १९७३ मध्ये शहरनियोजनातल्या गुंतागुंतीच्या प्रश्नांविषयी लिहिलं होतं की अशा प्रश्नांना खरं-खोटं उत्तर नसतं, बरं-वाईट असतं, आणि प्रत्येक प्रयत्न हा खराच असतो, सराव म्हणून करता येत नाही. उत्सवाचं नाटकही एकाच रात्री होतं. म्हणून बाकं, विटा, पुठ्ठा, सुतळी. जिथे बदल फुकट होतो तिथे जमेल तितके करून घ्यायचे.

प्रयोगाच्या रात्री मी रंगमंचाकडे फारसं बघितलं नाही. डाव्या ओळीतल्या खांबांपाशी बसले होते. कंडक्टर राजा होऊन वरच्या पायरीवर आला तेव्हा शिट्टी आमच्या बाजूनेच आधी पडली. परसाचा प्रवेश मात्र हवा तसा जमला नाही. सुटे तुकडे मोठ्या रंगमंचावर विखुरलेले दिसत होते, आणि तुळशीवर दिवा कमी पडला. मावळ्यांच्या फिरवण्याला टाळ्या पडल्या आणि त्यामुळे पुढचं पहिलं वाक्य दोनदा बुडालं. पखवाज थांबल्यावर एक श्वास सोडून बोलायचं, हे नटांना सांगायला हवं, असं वहीत लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मावळे झालेल्या मुलांना घेऊन बसले. त्यांनी सांगितलं की तुकडा धरायला मागे खाच हवी, कडेला बोटं चेमटतात. मेस्तने त्याच आठवड्यात खाचा पाडल्या. आता तुकडे पलीकडच्या गावात गेलेत, त्यांच्या संगीत नाटकाला. त्यांचा रंगमंच अरुंद आहे, म्हणून ते दोनच तुकडे लावणार आहेत, पाठी एकमेकांना भिडवून, आणि त्याचा नदीचा घाट करणार आहेत. सुतळीचा गुंडाही मागून नेला.